पाय दिसले पाहिजेत

नाशिकहून गिरणाऱ्याच्या अंगाने निघालेला रस्ता वाघेरा घाट उतरला की हरसूलचा मुलूख लागतो. त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. पेठ, मोखाडा, जव्हार आसपास, आणि गुजरातची हद्दही फार लांब नाही. घाटाच्या अलीकडचं पाणी गोदावरीला मिळून पूर्वेला जातं. पलीकडचं दमणगंगेच्या खोऱ्यात उतरून अरबी समुद्राची वाट धरतं. अलीकडे टोमॅटो आणि द्राक्षं, पलीकडे भात, नागली, वरई. अलीकडे मळे आणि विहिरीवरच्या मोटारी, पलीकडे उतारावर पायरी-पायरीने उतरत गेलेली खाचरं.

छायाचित्रण शिकायला माझ्याबरोबर येणाऱ्यांना मी घाटमाथ्यावर गाडीतून उतरवते आणि आधी हे सांगते. कॅमेरे तेव्हा पिशवीतच असतात. काहींची चुळबुळ होते, कारण दरीतून ढग वर येत असतात आणि तो देखावा सोडवत नाही. पण पाणी कुठून कुठे जातं हे ज्याला कळलं, त्याला खाली कुठे काय पेरलेलं असेल, कुठला उतार सकाळी आधी उजळेल, कुठल्या पाड्यावरची माणसं किती वाजता बाहेर पडतील, याचा अंदाज बांधता येतो. निसर्गचित्रणातलं अर्धं शिक्षण मला या अंदाजात दिसतं. उरलेलं बोटांना सवयीने येतं.

हे काम मी लहान गटांबरोबरच करते. सहा माणसं, फार तर सात. एका जीपमध्ये मावतील आणि एका घराच्या ओटीवर जेवायला बसतील इतकी. याचं एक कारण शिकवण्याचं आहे. वीस जण असले की शिकवणारा ओरडून आकडे सांगतो, एफ अकरा, आयएसओ शंभर, आणि सगळे तेच आकडे फिरवतात. घरी वीस जण एकच फोटो घेऊन जातात. सहा जण असले की प्रत्येकाच्या शेजारी उभं राहून विचारता येतं, तुम्ही आत्ता नक्की कशाकडे बघताय? बहुतेकांना या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दिवशी देता येत नाही. दुसऱ्या दिवशी येतं, आणि त्याच वेळी फोटोही बदलतो.

दुसरं कारण गावाचं आहे. पाडा म्हणजे थोडी घरं, मधून जाणारी एक वाट आणि सगळ्यांची मिळून एक विहीर. तिथे वीस कॅमेरे एकदम शिरले तर म्हाताऱ्या बायका आत निघून जातात, मुलं पुढे येऊन उड्या मारायला लागतात आणि जे बघायला आलो ते तिथे उरतच नाही. सहा माणसं आली तर कुणीतरी घोंगडी टाकतं, पाणी विचारतं, कुठून आलात म्हणतं. सहलीच्या जाहिरातींत कधीच नसतो तो हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

या कामाकडे मी आले ती नाशिकमधल्या एका कलर लॅबमधून. रोल धुण्याचे आणि प्रिंट काढण्याचे ते दिवस. आधी काउंटरवर आणि मग आत मशीनवर मी बरीच वर्षं काढली. लग्नं, बारशी, वणीच्या गडाची यात्रा, शाळेचं स्नेहसंमेलन, दशक्रिया, सगळं हाताखालून जायचं. पेठ, सुरगाणा, हरसूल या बाजूंच्या स्टुडिओवाल्यांचे रोलही येत. त्या फोटोंत माणसं कॅमेऱ्याकडे बघत सरळ उभी असत, डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण. रोज बघून बघून ती उभं राहण्याची पद्धत माझ्या डोळ्यांत बसली. डिजिटल कॅमेरे आले, मग मोबाइल आले, रोल आटले आणि लॅब बंद झाली. एका ज्येष्ठ छायाचित्रकाराच्या सहलींत मी मदतनीस म्हणून जाऊ लागले आणि पुढे स्वतःचे गट घेऊन निघाले. लॅबमधून दोन गोष्टी माझ्याबरोबर आल्या: रंग ओळखणारा डोळा, आणि फोटो हातात धरता आला पाहिजे हा आग्रह.

पहिल्या सकाळी मी सगळ्यांना भाताचं एकच खाचर देते. ज्यांचं ते असतं त्यांना आदल्या दिवशी विचारलेलं असतं. पन्नास मिलिमीटरची एकच लेन्स लावायची. झूम असेल तर त्याच आकड्यावर ठेवून द्यायचा. उजाडायच्या आधी बांधावर जायचं आणि ऊन वर येईपर्यंत बांध सोडायचा नाही. सुरुवातीला सगळे भराभर फोटो काढतात. मग थांबतात, कारण काढण्यासारखं संपलं असं वाटतं. मग कंटाळा येतो. त्या कंटाळ्याच्या पलीकडे मला त्यांना न्यायचं असतं. हळूहळू दिसायला लागतं की पाण्यात डोंगर उलटा पडलाय आणि वाऱ्याची झुळूक आली की तो मोडतो. बांधात खेकड्यांची बिळं आहेत. रात्री पाणी कुठून फुटलं होतं आणि कुणी चिखलाने ते लिंपून घेतलं, त्या लिंपणावर बोटं उमटली आहेत. एवढंसं खाचर, पण दीड तासात उजेडाने ते किती वेळा बदललं हे डोळ्यांनी बघितलेलं असतं.

धुक्याचा धडा घाटातच मिळतो. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं असेल असं धरून चालतो. त्यामुळे पांढरंशुभ्र धुकं तो मळकट करतो आणि पावसात काळाभोर झालेला कातळ फिका करून टाकतो. म्हणून धुक्यात एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवायचं, ओल्या कातळासमोर तितकंच कमी करायचं. वर्गात फळ्यावर हे सांगितलं तर लोक वहीत लिहून घेतात आणि विसरतात. वाघेऱ्याच्या घाटात ढगात उभं राहून दोन्ही फोटो एकाशेजारी एक बघितले की विसरत नाहीत. तसंच पावसाचं. गाडीत एसी लावू देत नाही, कारण थंड काच बाहेरच्या दमट हवेत आली की धुरकटते आणि पुसून उपयोग होत नाही. जुनं सुती धोतर फाडून केलेले फडके, सिलिका जेलच्या पुड्या, कॅमेऱ्यावर बांधायला प्लास्टिकची पिशवी आणि रबर, एवढ्यावर हरसूलचा श्रावण निभावतो.

धीर धरण्याबद्दल बोलायचं झालं की मी दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण देते. ते याच तालुक्याचे. त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० रोजी त्यांचा जन्म झाला. चित्रपटाआधी ते छायाचित्रकार होते: बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला स्टुडिओ चालवला, पुरातत्त्व खात्यात काम केलं. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर पैसे घालणाऱ्याची खात्री पटवायला त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडी थोडी फिल्म वापरत त्याच्या वाढीचं चित्रण केलं. पडद्यावर बघताना मिनिटभरात बी फुटून वेल वर चढला. भारतीय चित्रपटाच्या उंबऱ्यावर एक रोपटं आहे आणि एका जागी दिवसेंदिवस लावून ठेवलेला कॅमेरा आहे. त्र्यंबकच्या डोंगरांत छायाचित्रण शिकणाऱ्याला यापेक्षा जवळचा गुरू मिळणार नाही असं माझं मत आहे.

आवणीच्या दिवसांत आलेल्या गटासाठी माझा आणखी एक नियम असतो. चपला काढून चिखलात उतरायचं आणि घरच्या बायका सांगतील तशी निदान एक ओळ रोपं लावायची. कुणी तक्रार करत नाही, पण उठताना कमरेवर हात जातो. आधीचे आणि नंतरचे फोटो मी मुद्दाम शेजारी लावून दाखवते. आधीच्या फोटोंत बांधावरून खाली बघितलेलं असतं: हिरव्या चौकोनात लाल, निळ्या, पिवळ्या लुगड्यांचे ठिपके, वर ढग. देखणं दिसतं. नंतरच्या फोटोंत कॅमेरा खाली आलेला असतो, गुडघ्याइतका. रोपांची मूठ डाव्या हातात, उजव्या हाताचा अंगठा मुळाशी दाबलेला, इरल्याखालून दिसणारा चेहरा, आणि त्या बाईची नजर पुढच्या रोपाच्या जागेवर. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत बायकांच्या कामाचे फोटो काढले आणि त्यांचं प्रदर्शन केलं. त्या प्रदर्शनातली वाकलेली पाठ गटातल्या बहुतेकांना चिखलात उतरल्यानंतरच नीट कळते. म्हणून मी ते फोटो आदल्या रात्री न दाखवता दुसऱ्या रात्री दाखवते.

संध्याकाळी आम्ही ओटीवर बसतो. भिंतीवर पांढरी चादर आणि छोटा प्रोजेक्टर, वीज असेल तर. नसेल तर लॅपटॉप मधे ठेवून सगळे दाटीवाटीने बसतात. प्रत्येकाने दिवसभरातले पाचच फोटो दाखवायचे. पाच निवडताना जेवढं शिकणं होतं तेवढं पाचशे काढताना होत नाही. या बैठकीला घरची माणसंही असतात. बसा म्हणावं लागत नाही, ती आपणहून येतात, शेजारपाजारचेही येतात.

भाद्रपद-आश्विनात या भागात खुरासणी फुलते. उतारच्या उतार पिवळे होतात आणि नाशिक-पुण्याहून माणसं फक्त त्यासाठी येतात. अशाच एका बैठकीत एका मुलीने काढलेला फोटो भिंतीवर आला. पिवळ्या फुलांवर सोनेरी तंतूंचं जाळं, मागून ऊन, प्रत्येक धागा पेटल्यासारखा. सगळ्यांनी वाहवा केली. मलाही तो रचना म्हणून उत्तम वाटला. घरच्या मावशी पुढे सरकल्या, बोट लावून म्हणाल्या, "ही अमरवेल आहे. कुठल्या वावरात काढला?" अमरवेल खुरासणीवर चढली की तिचा रस शोषून जगते, पीक बसतं आणि वेल शेजारच्या वावरात पसरते. मुलीने जागा सांगितली. मावशींचा मुलगा दुसऱ्या सकाळी उठून ती वेल उपटायला गेला आणि मुलगी त्याच्याबरोबर गेली. तिने उपटण्याचेही फोटो काढले. पहिला फोटो तिने टाकून दिला नाही, पण आता ती तो एकटा दाखवत नाही. दोन्ही शेजारी लावते.

छायाचित्रण शिकणाऱ्या माणसाला मी दहा वर्षांत जे सांगू शकले नसते ते त्या मावशींनी एका वाक्यात सांगितलं. आपण चौकटीकडे बघतो, मावशी पिकाकडे बघतात. दोन्ही नजरा एका फोटोत आल्या तर तो फोटो टिकतो. चैत्र-वैशाखात राब भाजतात तेव्हाही हेच होतं. संध्याकाळच्या उन्हात डोंगरउतारावर धूर उभा राहतो आणि शहरातून आलेल्याला वाटतं रान पेटलं. पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून रोपांची जागा भाजून घेतात, पावसाळ्यात त्याच जागेवर भाताची, नागलीची रोपं वाढतात. हे कळल्यावर तोच धूर फोटोत वेगळा दिसतो. फोटोखालची ओळही बदलते.

सगळ्यात मोठा धडा मात्र एका म्हाताऱ्या बाबांकडून मिळाला. पुण्याहून आलेल्या एका हुशार मुलाने त्यांचा चेहरा काढला होता. अगदी जवळून, काळ्या-पांढऱ्यात. कपाळावरच्या आठ्या, पांढरी दाढी, ओलसर डोळे. स्पर्धेत बक्षीस मिळावं असा. त्याने कॅमेऱ्याचा पडदा बाबांसमोर धरला. बाबांनी बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाले, "ताई, अर्धाच माणूस आलाय. पाय कुठंयत?" मग ते आत गेले. पांढरा सदरा, टोपी घालून आले. बैलजोडी सोडून अंगणात आणून उभी केली, आजीला बोलावून शेजारी उभं केलं, स्वतः हात सरळ खाली सोडून उभे राहिले. "आता काढा. पाय दिसले पाहिजेत."

लॅबमध्ये बघितलेले ते सगळे फोटो मला त्या अंगणात आठवले. आम्ही शिकलेल्या लोकांनी म्हाताऱ्या आदिवासी माणसाचा एक साचा केला आहे: सुरकुत्या, चिलीम, खोल डोळे, अंधारी पार्श्वभूमी. असा चेहरा कुठलाही असतो. त्याला नाव लागत नाही, गाव लागत नाही. बाबांना हवा असलेला फोटो त्यांचाच होता. त्यात त्यांचं घर होतं, बैल होते, बायको होती, आणि ज्या जमिनीवर उभे होते ती होती. त्या मुलाने मनापासून काढला. उजेड डोक्यावरचा, सावल्या कडक, सगळं पुस्तकाविरुद्ध. पुढच्या खेपेला मी प्रिंट घेऊन गेले तेव्हा बाबांनी ती दोन्ही हातांत धरून उंबऱ्यात उजेडाकडे नेली, आधी पाय बघितले, मग बैल, मग बाकीचं. ती आता त्यांच्या देव्हाऱ्याच्या फळीवर आहे. तेव्हापासून माझ्या गटात व्यक्तिचित्राचा पहिला फोटो समोरच्या माणसाने ठरवायचा असतो. कुठे उभं राहायचं, काय घालायचं, बरोबर कोण हवं, सगळं. आपल्या मनातला फोटो त्यानंतर, त्यांची तयारी असेल तर.

रम्य ठिकाणी जाऊन, लहान गटात, गुरूबरोबर फिरत छायाचित्रण शिकायची ही पद्धत आपण बाहेरूनच घेतली आहे आणि तिचा इतिहास मोठा आहे. अमेरिकेत अॅन्सल अॅडम्स यांनी १९४० मध्ये योसेमिटी खोऱ्यात अशी शिकवणी घेतली आणि १९५५ पासून तर वर्षानुवर्षं तिथेच शिकवलं. डोंगर, झाडं, ढग यांच्याकडे इतक्या निष्ठेने बघणारा दुसरा माणूस विरळा; काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा मोजून बसवण्याची त्यांची पद्धत मी आजही शिकवते. पण त्यांच्या योसेमिटीच्या फोटोंत माणूस जवळपास नाही. ते खोरं रिकामं नव्हतं. तिथे आवानीची नावाचे लोक राहत होते आणि १८५१ मध्ये सशस्त्र तुकडीने आत शिरून त्यांना हुसकावलं. निर्जन, पवित्र निसर्गाचं जे चित्र जगाने मनावर घेतलं त्याच्यामागे हे आहे. हरसूलला मी ते चित्र गिरवू देत नाही. इथलं प्रत्येक हिरवं कुणीतरी लावलेलं आहे किंवा कुणीतरी राखलेलं आहे. कोकणा, वारली, महादेव कोळी, काथोडी माणसांचं हे रोजचं गाव आहे. आपल्याला दृश्य वाटतं ते त्यांचं वावर असतं.

धबधब्यांबद्दल थोडक्यात. सगळ्यांना ते हवे असतात, आणि पाण्याचं दूध करणारं लांब एक्स्पोजर शिकवायला मीही तयार असते: ट्रायपॉड, एनडी फिल्टर, अर्धा ते एक सेकंद. मात्र तोच धबधबा एका सेकंदाच्या पाचशेव्या भागातही काढायला लावते, कारण पाण्याला वजन असतं आणि ते दुधाळ फोटोत हरवतं. त्र्यंबक-जव्हार रस्त्यावरच्या दुगारवाडीला ऑगस्ट २०२२ मध्ये अचानक पाणी वाढून पर्यटक अडकले होते, रात्री त्यांना बाहेर काढावं लागलं. वर डोंगरात पाऊस असेल तर मी गट घेऊन प्रवाहात उतरत नाही. त्यावर चर्चाही करत नाही. हरिहर गडाच्या कातळपायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी चढायला नेत नाही, त्याचंही कारण जीवाचा धोका हेच. तो गड हर्षेवाडीच्या बाजूने खालून बघावा, पायऱ्यांची सरळ रेघ तिथून जास्त चांगली कळते.

आता शेंद्रीपाड्याबद्दल. खरशेत ग्रामपंचायतीतला हा पाडा, हरसूलच्या भागातलाच. तास नदीच्या खोल पात्रावर एक लाकडी बल्ली आडवी टाकलेली आणि डोक्यावर हंडे घेऊन बाया तिच्यावरून पाणी आणायला जातात, असे फोटो जानेवारी २०२२ मध्ये वर्तमानपत्रांत आले आणि मोबाइलवरून राज्यभर गेले. तेव्हाचे मंत्री आदित्य ठाकरे यांनी दखल घेतली, काही दिवसांत तिथे लोखंडी पूल बसला आणि महिनाअखेर ते स्वतः येऊन गेले. फोटोची ताकद यापेक्षा स्पष्ट दिसणं कठीण. त्याच वर्षी जुलैच्या पुरात तो पूल वाहून गेला.

माझ्या गटातले लोक अजूनही विचारतात, ती जागा दाखवाल का? मी नेत नाही. डोक्यावर हंडा घेऊन जीव मुठीत धरलेल्या बाईचा फोटो एकदा बातमीदाराने काढला, त्याने काम केलं, त्याबद्दल मला आदर आहे. सहलीत पैसे भरून आलेल्याने सरावासाठी तो पुन्हा काढण्यात मला काही अर्थ दिसत नाही. तिथे फोटोची गरज आहे ती वेगळी. पूल बसल्यावर फोटो आले, वाहून गेल्यावर थोडे आले, आणि नंतरच्या साध्यासुध्या दिवसांत काय चाललंय हे टिपायला कुणी थांबत नाही. उन्हाळ्यात त्र्यंबक तालुक्यात बाया विहिरीत उतरून वाटी-वाटीने पाणी भरतात, त्याचेही फोटो दर मे महिन्यात येतात आणि जूनमध्ये थांबतात. शिकणाऱ्याने एखाद्या पाड्याची विहीर वर्षभर, प्रत्येक ऋतूत, एकाच जागेवरून काढावी, असं मी सुचवते. पाण्याची पातळी, रहाटाची दोरी, कठड्यावर बसलेली मुलं. नाशिकच्या एका शिक्षिकेने हे काम मनावर घेतलं आहे. तिचे फोटो एकेकटे बघितले तर साधे वाटतील. ओळीने लावले की ग्रामसभेत दाखवण्यासारखा कागद तयार होतो, आणि त्या पाड्यावरच्या लोकांनी तो तसा दाखवलाही. छायाचित्रकार संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर राहून जे पुस्तक केलं, 'तमाशा : एक रांगडी गंमत', ते मी अशा कामासाठी पुढे ठेवते. परत परत गेल्याशिवाय तशी चित्रं मिळत नाहीत.

परत जाण्याचा फायदा मला बोहाड्यात सगळ्यात जास्त कळतो. होळीनंतर उन्हाळ्याच्या रात्री हरसूल, मोखाडा, जव्हार या पट्ट्यात देवांची सोंगं नाचतात. गणपती येतो, सरस्वती येते, मग रात्रभर एकेक मुखवटा, संबळ आणि सनईच्या तालावर. पहाटे देवी आणि महिषासुराची लढाई. बऱ्याच गावांत एखाद्या सोंगाचा मान ठरावीक घराण्याकडे चालत आलेला असतो. मुखवटा जड असतो, त्याच्या भोकांतून नाचणाऱ्याला जेमतेम पुढचं दिसतं. फ्लॅश उडाला की तेवढंही दिसत नाही. म्हणून माझ्या गटात त्या रात्री फ्लॅश बंद. आयएसओ ३२०० किंवा त्याहून वर, एफ १.८ ची लेन्स, सेकंदाच्या साठाव्या ते सव्वाशेव्या भागाचा शटर, आणि टेंभ्याच्या किंवा दिव्याच्या उजेडात सोंग येईपर्यंत थांबायची तयारी. थोडे दाणे येतात फोटोत, येऊ द्यावेत. पहिल्या वर्षी आम्ही कडेला उभे होतो. आधीच्या वर्षीच्या प्रिंट घेऊन गेलो तेव्हा मुखवटे बांधायच्या घरात आत बोलावलं गेलं. पूजा, अंगावरचा रंग, पायात घुंगरू बांधणारा मुलगा, डोक्याला गुंडाळलेलं फडकं आणि त्यावर हळूच बसवला जाणारा मुखवटा. कुठल्याही परवानगीपत्राने मिळाली नसती ती जागा आम्हाला त्या प्रिंटांनी दिली.

पैशांचंही सांगायला हवं, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. सहलीच्या शुल्कातून जेवण, मुक्काम, वाट दाखवणाऱ्या तरुणाची मजुरी हे तर जातंच. शिवाय ज्यांच्या वावरात सकाळ काढली त्यांच्या कामाचा खोळंबा होतो, त्याचे पैसे वेगळे ठेवते. फोटोसाठी पोझ द्यायला पैसे देत नाही. त्याने माणूस बदलतो. खोळंब्याचे पैसे मात्र हक्काचे आहेत. मुलांना गोळ्या-बिस्किटं वाटू देत नाही. वाट दाखवणारा जो तरुण माझ्याबरोबर असतो, तो आता स्वतः कॅमेरा धरतो. त्याला शिकवायला मला फार काही लागलं नाही. कुठल्या महिन्यात सूर्य उतवड डोंगराच्या कुठल्या बाजूने वर येतो हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पुढच्या काही वर्षांत हरसूलच्या सहली हरसूलच्याच माणसांनी चालवाव्यात आणि मी मदतनीस म्हणून जावं, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही अशा एखाद्या सहलीला जाणार असाल तर नाव नोंदवण्याआधी आयोजकाला दोन गोष्टी विचारा: गटात किती जण आहेत, आणि ज्यांच्या जमिनीवर आपण उभे राहणार त्यांना कुणी विचारलं आहे का. उत्तर देताना तो अडखळला तर दुसरी सहल शोधा. आणि परत आल्यावर फोटो नुसते मोबाइलवर पाठवू नका; पाड्यावर रेंज नसते, फोन बदलतो, फोटो जातो. चार बाय सहाची एक प्रिंट काढायला एका चहाइतके पैसे लागतात. ती काढा, मागे तारीख आणि गावाचं नाव लिहा आणि शक्य असेल तर स्वतः नेऊन द्या.